हिवरे बाजारचा जमाखर्च

पुण्याहून नगरास जाणारा रस्ता काही प्रेक्षणीय रस्त्यांत मोडत नाही. त्यास घाट नाही, वनश्री नाही. रांजणगावचा महागणपती व शिरूरची घोड नदी एवढी सोडली तर उतरून पाहावे असे स्थळही नाही. त्यामुळे ह्या सुमारे १२० किलोमीटरांच्या वाटेवर बहुतेक प्रवासी डुलकी घेऊन वेळ काढतात. आम्ही मात्र गेल्या कार्तिकात ह्याच वाटेने मोठ्या उत्सुकतेने गेलो, कारण आम्हांस जे पाहावयाचे होते ते जमिनीच्या वर नसून खाली होते. बरोबर आमच्या वहिनी होत्या आणि भूशास्त्राचा अभ्यास करणारा पुतण्या होता. ज्या नगरास २०२४ सालापासून सरकारदप्तरी अहिल्यानगर म्हणतात, त्याच्या पश्चिमेस सुमारे १७ किलोमीटरांवर हिवरे बाजार नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील लोक दरवर्षी पावसाळा सरला म्हणजे ग्रामसभेत बसून पाण्याचा जमाखर्च मांडतात, आणि शिल्लक पाहून मगच पिके ठरवितात, असे पुष्कळ दिवस ऐकून होतो. ते प्रत्यक्ष पाहावे, एवढाच ह्या प्रवासाचा हेतू.

शिरूर ओलांडले की मुलूख पालटतो. सह्याद्रीच्या माथ्यावर मेघ आपले भांडार रिते करून येतात आणि इकडच्या पठारास उरलेसुरले देतात. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात तो हाच. जमीन कोठे काळी, कोठे नुसता मुरूम. माळावर हिवर, बाभूळ आणि बोर. ह्या उजाड माळावर मधूनच डाळिंबाच्या हिरव्यागार बागा दिसतात आणि मेणकापड अंथरलेली शेततळी उन्हात चकाकतात. नवख्यास वाटेल, येथे पाण्याचे सुकाळ झाले आहेत. वहिनींनाही तसेच वाटले. पुतण्या म्हणाला, ‘‘काकू, ते तळे पावसाने भरलेले नाही. बोअरचे पाणी उपसून त्यात साठविले आहे. जमिनीच्या पोटात झाकलेले होते ते वर आणून उन्हात ठेवले. आता निम्मे पिकाला आणि उरलेले वाऱ्याला.’’ निम्म्याचा हिशेब त्याने अंदाजाने सांगितला असेल, पण त्यातील मर्म खरे होते.

सुपे गावाच्या अलीकडे एका बागेशी दोन अवजड मोटारगाड्या उभ्या होत्या. एकीवर लोखंडी मनोरा, दुसरीवर हवा दाबणारे यंत्र आणि नळ्यांची चळत. ही गाडी कोठली म्हणून पाहिले तर तमिळनाडूची. तेथील तिरुचेनगोडे हे गाव ह्या धंद्याचे माहेरघर असून, तेथून निघालेल्या गाड्या हिंदुस्थानभर विंधनविहिरी घेत हिंडतात. यंत्राची घरघर इतकी की शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना. भोकातून पांढरी धूळ उसळत होती आणि बागेचा मालक, पन्नाशीचा गृहस्थ, तोंडाला उपरणे लावून त्या धुळीकडे टक लावून बसला होता. धूळ ओली होते का, एवढेच त्यास पाहावयाचे होते.

यंत्र घटकाभर थांबले तेव्हा त्याच्याशी बोलणे झाले. वडिलांची विहीर चाळीस हातांची. तिच्यावर मोट चालत असे. पुढे वीज आली, पंप आला, विहीर उन्हाळ्यात कोरडी पडू लागली. पहिले बोअर २०० फूट, ते पाच वर्षे चालले. दुसरे ४०० फूट, ते तीन वर्षे. हे तिसरे, ६०० फुटांच्या खाली गेले, अजून फुफाटाच निघतो आहे. कर्ज किती झाले हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. शेजाऱ्याने खोल बोअर घेतल्यामुळे तुमचे पाणी गेले काय, असे विचारता तो किंचित हसला आणि म्हणाला, ‘‘त्यानं माझं नेलं हे खरं हाये, दादा. पण त्याच्या आधी मी त्याचं नेलं व्हतं. आता भांडायचं कुणी आन् कुणासंगं?’’

भूजलाचे सारे शास्त्र व सारी फिर्याद ह्या एका उत्तरात आहे, असे आम्हांस वाटले. शास्त्र थोडक्यात असे. महाराष्ट्राचा फार मोठा भाग ज्या काळ्या कातळावर बसला आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त रसाचे थरांवर थर गोठून बनलेला आहे. हा दगड गंगायमुनेच्या खोऱ्यातील वाळूसारखा पाणी पिणारा नव्हे. वरचा झिजलेला मुरूम, त्याखालचा भेगाळलेला थर, दोन थरांमधील सांधे, एवढ्याच ठिकाणी पाणी मुरते. आणि तेथेही शंभर घनफूट दगडातून हाती लागणारे पाणी दोन-तीन घनफुटांहून फारसे अधिक नसते. खाली जाऊ तसतशा भेगा विरळ होतात. म्हणजे आपले भांडे मुळात उथळ, आणि ते दरवर्षी पावसाने भरावे व दरवर्षी वापरावे, अशीच निसर्गाची योजना. खोल बोअर घेणारास पाताळगंगा लागते ही समजूत खोटी आहे. पुष्कळदा त्यास लागते ते शेजाऱ्याच्या विहिरीचेच पाणी, फक्त लांबच्या वाटेने झिरपून आलेले. पाणाड्या हातात बेचक्याची काडी घेऊन जागा दाखवितो, पण त्या जागेत कोणाकोणाचा वाटा आहे हे काही ती काडी सांगत नाही.

मोटेचे दिवस आठवणारी माणसे आता थोडी उरली. थारोळ्यात पाणी ओतल्याचा तो आवाज, धावेवरून उतरणारे बैल, आणि मोटकऱ्याची गाणी ह्यांचे गोडवे पुष्कळांनी गायिले आहेत. आम्हांस त्या काव्यापेक्षा एक रुक्ष गोष्ट महत्त्वाची वाटते. दिवसभरात बैल जेवढे ओढतील तेवढेच पाणी विहिरीबाहेर येई आणि रात्री झरे विहीर पुन्हा भरून काढीत. कोणताही कायदा नसताना उपशास मर्यादा होती, कारण ती बैलांच्या खांद्यावर होती. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधनयंत्रे व विजेचे पंप खेडोपाडी पोहोचले आणि ही मर्यादा गेली. तहानलेल्या लोकांना त्यामुळे पाणी मिळाले हे विसरून चालणार नाही. त्या वेळी बोअर हा जीवनदाताच होता. परंतु जे पिण्यासाठी आले ते पाहता पाहता बागेसाठी झाले. पुढे २०२४ साली सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज विनामूल्य केली. शेतकऱ्यास दिलासा हवा होता ह्यात संशय नाही. पण एका हाताने पाणी जपा म्हणावयाचे आणि दुसऱ्या हाताने उपसण्याचा खर्च शून्यावर आणावयाचा, ही नीती आम्हांस तरी उमगत नाही.

नगरात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हिवरे बाजारला गेलो. नगरास निजामशाहीच्या काळी डोंगरपायथ्याहून खापरी नळांनी पाणी आणीत असत आणि ते उताराने येईल तेवढेच येई. त्या नळांचे अवशेष पाहण्याचा पुतण्याचा आग्रह होता, पण वेळेअभावी तो मोडावा लागला.

गाव तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे. स्वच्छ रस्ते, एकसारख्या रंगाची घरे, देऊळ, शाळा, हे सर्व नीटनेटके आहे; पण असे नीटनेटकेपण आजकाल पारितोषिकाच्या आशेनेही पुष्कळ गावे आणतात. पाहण्यासारखा आहे तो डोंगर. त्याच्या अंगावर समपातळीत खणलेल्या चरांच्या ओळी, चरांत उभी राहिलेली झाडे, आणि गुडघ्याएवढे गवत. हे गवत कापून न्यावे, त्यावर गुरे सोडू नयेत, असा नियम आहे. एके काळी हे गाव पहिलवानांबद्दल प्रसिद्ध होते. मग १९७२ चा दुष्काळ आला, डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, लोक मजुरीस बाहेर पडले आणि मागे दारूच्या भट्ट्या राहिल्या. सरकारी नोकरास शिक्षा म्हणून येथे पाठवीत असत असे गावकरीच सांगतात. १९८९ साली गावाने पोपटराव पवार ह्या वाणिज्य शाखेच्या उच्चशिक्षित तरुणास सरपंच केले. तेथून पुढे श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी व कुटुंबनियोजन ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. राज्याच्या आदर्श गाव योजनेतून चर, बांध, पाझर तलाव झाले. पवारांस २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ती सर्वांस ठाऊक आहे.

परंतु चर आणि बांध महाराष्ट्रात हजारो गावांनी केले. सरकारने अपार पैसा खर्चिला, पाणी मुरले, आणि त्या मुरलेल्या पाण्यावर दोन वर्षांत नवी बोअरे बसली. बँकेत पैसे भरणारा एक आणि काढणारे दहा असले म्हणजे खात्याचे जे व्हावयाचे तेच झाले. हिवरे बाजारचे वेगळेपण भरण्यात नसून काढण्यात आहे. ह्या गावाने ठरविले, की शेतीसाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही. बोअर असेल तर पिण्यापुरते. ऊस आणि केळी लावावयाची नाही. जमीन बाहेरच्यास विकावयाची नाही. तीनही नियम माणसाच्या खाजगी मिळकतीस हात घालणारे आहेत, आणि ते गावाने स्वतःवर घालून घेतले.

जमाखर्चाची रीत समजावून घेण्यात आमची सकाळ गेली. गावात पर्जन्यमापके आहेत, निवडक विहिरींची पातळी मोजली जाते, आणि राज्याची भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा गणितास साहाय्य करते. गावचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी झाले. तेव्हा १०० मिलिमीटर पावसात सबंध गावावर ९७ कोटी ६० लाख लिटर पडते. हा आकडा ऐकून छाती फुगते. पण त्यातील बराच भाग वाफ होतो, काही ओढ्याने जातो, काही मातीच्या ओलीत राहतो, आणि विहिरीस मिळतो तो थोडका. जमेची बाजू अशी खाली येत गेली की खर्चास आरंभ होतो. प्रथम माणसांचे व जनावरांचे पिणे, मग घरवापर, काही हिस्सा जमिनीतच राखावयाचा, आणि ह्या सर्वांतून उरेल ते शेतीस. पाऊस बरा झाला तर रब्बीचे सर्व पीक आणि थोडे उन्हाळी. ओढ दिली तर उन्हाळी पीक मुळीच नाही, आणि रब्बीतही कांद्याऐवजी ज्वारी-हरभरा. हे सर्व ग्रामसभेत मांडतात, आणि भिंतीवर लिहितात.

वहिनींना हे गणित आमच्या आधी समजले. त्या म्हणाल्या, ‘‘भाऊजी, हे तर आपल्या कोठीघराचेच झाले की. सासूबाई दिवाळीनंतर कणगी पाहून ठरवीत, वर्षभर कोणाला किती. पाहुण्यांचे वेगळे काढून ठेवीत. कोणी परभारे डब्यातून काढले की त्यांना झाकणावरून कळे.’’ वाचकांपैकी ज्यांच्या घरी अजून एक चूल आहे त्यांना ह्यापेक्षा अधिक सांगावयास नको. उसाचे गणितही त्यांनीच विचारून घेतले. उसास वर्षाकाठी २००० मिलिमीटरांच्या आसपास पाणी लागते. गावचा पाऊस ४०० च्या घरात. म्हणजे पडेल तो प्रत्येक थेंब अडविला तरी एक एकर ऊस पाच एकरांचा पाऊस पिणार. ‘‘मग उरलेल्या चार एकरवाल्यांनी काय करायचं?’’ असे त्यांनी विचारले. त्याचे उत्तर म्हणजेच येथील उसबंदी.

देवळापाशी बसलेल्या एका वृद्ध बाईंशी त्यांचे बोलणे झाले. पूर्वी घागरभर पाण्यासाठी रात्री विहिरीवर नंबर लावून बसावे लागे. झरा वाटीवाटीने भरे. ‘‘आता नळाला येतं, बाई. सुना म्हंत्यात, आत्याबाई, तुम्ही काहीतरीच सांगता.’’ २०१२-१३ च्या अवर्षणात जिल्ह्यात जागोजाग टँकर फिरत होते, तेव्हा ह्या गावास टँकर लागला नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, ही गोष्ट त्या बाईंच्या सुनांनी बातम्यांत पाहिली असेल, आपल्या दारी पाहिली नाही.

आता प्रश्न असा, की जे एका गावास साधले ते कायद्याने सर्वांकडून का करवून घेऊ नये? कायदे आहेत. पण त्यांची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडात लँकेशायर परगण्यात एका सूतगिरणीच्या मालकाची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीमुळे आटली. त्याने दावा लावला. १८४३ साली न्यायालयाने निकाल दिला, की जमिनीखालचे पाणी ज्याची जमीन त्याचे. त्याने ते काढले आणि शेजाऱ्याची विहीर आटली तर त्यास दाद नाही. पाणी खाली कसे वाहते हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते, म्हणून हा निकाल क्षम्य म्हणता येईल. हेच तत्त्व १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आले, आणि १८९१ साली तो कायदा मुंबई इलाख्यास लागू झाला. खुद्द इंग्लंडने १९६३ साली परवान्याची पद्धत आणून ती जुनी मोकळीक संपविली. आम्ही मात्र त्यांचे टाकलेले वस्त्र अजून अंगावर वागवीत आहो.

विशेष खेद ह्याचा वाटतो, की अविभक्त मिळकतीची कल्पना ज्यांना इंग्रजांकडून शिकावी लागली नाही असा आपला समाज. मिताक्षरा मानणाऱ्या घरात प्रत्येक सहभागीदाराचा हक्क सबंध मिळकतीवर असतो, पण वाटणीपूर्वी अमुक खोली माझी असे कोणी म्हणू शकत नाही. जमिनीखालचे पाणी तर असे की त्याची वाटणी होऊच शकत नाही. बांध घालावयाचा तो वर घालता येतो, खाली नाही. ते पाणी सातबाराच्या उताऱ्यास जोडणे म्हणजे एकत्र घराची तिजोरी ज्याच्या खोलीत आहे त्याची समजण्यासारखे आहे.

महाराष्ट्राने १९९३ साली पिण्याच्या पाण्यापुरता कायदा केला. सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यास त्याने मनाई केली. पुढे २००९ चा अधिक व्यापक कायदा आला, तो २०१४ साली अमलात आला. त्यात ६० मीटरांहून खोल विहिरींस बंदी आहे, पाणलोटवार समित्या आहेत, पिकांच्या नियोजनाची तरतूद आहे. कागद उत्तम आहे. परंतु ६० मीटर म्हणजे २०० फूटही नव्हेत, आणि आम्ही आदल्या दिवशी ६०० फुटांची धूळ डोळ्यांनी पाहिली होती. गावात आपल्याच चुलत्याविरुद्ध अर्ज कोणी द्यावा? आणि तहसील कचेरीतील कोणत्या माणसाने रात्री यंत्राचा आवाज ऐकत शिवार हिंडावे? हिवरे बाजारात आम्ही एकास विचारले, की चोरून कोणी बोअर घेत नाही काय. तो म्हणाला, ‘‘ते यंत्र काय खिशात घालून आणता येतंय का? अर्ध्या गावाची झोप मोडते.’’ हा आवाज सुप्याच्या शिवारातही सर्वांना ऐकू येत होता. फरक एवढाच, की तेथे तो कोणाचाच प्रश्न नव्हता.

तथापि सर्व गावे हिवरे बाजार होतील, अशी भोळी आशा आम्ही धरीत नाही. गाव लहान आहे, डोंगरांच्या कुशीत आहे, आणि दीर्घकाळ एका माणसाचे नेतृत्व त्यास लाभले आहे. ज्याची विहीर आहे त्यास बंदीनंतरही विहीर आहे; ज्याची कधीच नव्हती त्यास गवताचा आणि दुधाचा आधार मिळाला, हे चांगले, पण ते बरोबरीचे झाले असे म्हणवत नाही. शिवाय ह्याच जिल्ह्याच्या उत्तर भागात भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी १९२६ पासून खेळते आहे, आणि तेथे प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांनी सहकारी साखरधंद्याचा पाया घातला. एका टोकाचा शेतकरी कालव्याच्या जोरावर ऊस घेऊन बंगला बांधतो, आणि दुसऱ्या टोकाच्यास म्हणावयाचे की तू एक एकरही लावू नकोस. त्याच्या मनात काय येत असेल? गावातील एका तरुणाने हे आम्हांस स्पष्ट विचारले. तो कांदा करतो, म्हशी पाळतो, त्याचे बरे चालले आहे. पण बहीण दिली आहे ती उसाच्या मुलखात, आणि सणावारी मेहुण्याची मोटार दारात उभी राहते. ‘‘नियम मला पटतो,’’ तो म्हणाला, ‘‘पण तो फक्त आमच्यासाठीच का, ते पटत नाही.’’

२०२० पासून केंद्राच्या अटल भूजल योजनेखाली सात राज्यांतील निवडक ग्रामपंचायतींत असे जमाखर्च मांडण्यास सुरुवात झाली. त्यांत महाराष्ट्रही आहे. मांडणे आणि पाळणे ह्यांत अंतर आहे, पण मांडल्याखेरीज पाळणार काय?

निघण्यापूर्वी तो तरुण आम्हांस डोंगराच्या खांद्यावर घेऊन गेला. इकडे गावची खाचरे, पाझर तलावाचे पाणी, त्यावर उतरलेले बगळे. पलीकडे उताराखाली दुसऱ्या गावचे शिवार, आणि त्यात हिरव्या बागेचे दोन-तीन चौकोन. पुतण्याने खडकाचा थर पाहून सांगितले, की ह्या डोंगरात मुरलेले काही पाणी त्या बाजूसही जात असले पाहिजे. तरुणास ते ठाऊक होते. पलीकडच्या गावातील लोक अधूनमधून येऊन वही पाहून जातात, आकडे लिहून घेतात, असे तो म्हणाला. त्यांची स्वतःची ग्रामसभा ह्या विषयावर दोनदा बसली आणि दोनदा मोडली. तिसरी संक्रांतीनंतर आहे.